लेकीच्या शब्दावर उतरणारी कढई

गुळाच्या बाबतीत कोल्हापूरच्या माणसाला कुणी काही शिकवायला जाऊ नये, असं माझं पहिल्यापासूनचं मत. माझे वडील गुळवे होते. पंचक्रोशीत कुठेही गुऱ्हाळ लागलं की कढईपाशी त्यांचाच शब्द चालायचा. पुढे लग्न होऊन मी शहरात आले, उभा जन्म खानावळ चालवली, पण काकवी कधी विकत आणली नाही. माहेरून डबा यायचा. अशी मी, आणि काकवी बघायला निघाले मराठवाड्यात. शेजारणींना बसल्या जागी करमणूक झाली. "तिकडं उसाला पाणी तरी असतंय का वं?" असं एकीनं विचारलंही. मला मनातून तेच वाटत होतं. बोलले नाही, कारण सून समोर उभी होती.

सून म्हणजे वैशाली. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. तिचं माहेर फुलंब्रीच्या पुढे, चिंचमाळ नावाच्या गावात. आमच्या घरात पाऊल टाकल्यापासून ती आमटीत मीठ टाकतानाही मला विचारते, "आई, एवढं पुरे का?" मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. तर ही वैशाली संक्रांत झाल्यावर एकदा म्हणाली, "आई, यंदा आमच्या भैरोबाच्या जत्रेत कढईची पाळी माझी आहे. सासरचं कुणीतरी लागतं बरोबर." मुलाला रजा नव्हती. मग मीच पिशवी भरली.

कढईची पाळी म्हणजे काय, हे तिनं गाडीत सांगितलं. जत्रेच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरातून उसाची एकेक मोळी येते. सगळा रस एकाच कढईत पडतो आणि त्याची काकवी होते. गूळ करत नाहीत. ही काकवी कधी झाली, कढई चुलवणावरून कधी उतरवायची, हे ठरवते लग्न होऊन बाहेर गेलेली गावची एक लेक. दर वर्षी एका घराची पाळी आणि त्या घरच्या लेकीचा शब्द. पुरुषांनी फक्त उचलायचं.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकलं तर जन्मभर नाव पडतं," वैशाली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

हर्सूलवरून पुढे

स्टँडवरच्या पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आणि जीपवाल्याच्या तोंडात औरंगाबाद, अशी दोन्ही नावं ऐकत आम्ही निघालो. हर्सूलच्या तुरुंगाची भिंत गेली, तलाव गेला आणि रस्ता मोकळा झाला. आमच्याकडे नजर टाकावी तिथे ऊस आणि मध्ये नारळ. इथे आभाळच जास्त. काळी जमीन, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या गंजी, मध्येच अद्रकाचे हिरवे वाफे आणि मागे बोडके डोंगर. थंडी मात्र चांगली बोचरी होती. फुलंब्रीला चहा घेतला, तो इतका गोड होता की पहिला घोट घेऊन मी पेल्यात बघितलं. वैशाली म्हणाली, "पाहुण्यांचा आहे." पैसे देताना कळलं की तो सगळ्यांनाच तसा मिळतो.

चिंचमाळला पोहोचलो तर वैशालीची आई, सिंधूबाई, वेशीपर्यंत आल्या होत्या. बारीक चणीची बाई, बोलणं कमी. वैशालीचे वडील रंगनाथराव दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा नाही, वैशाली एकटीच. जमीन बटईनं दिलेली आणि घरात ह्या एकट्या. मी म्हटलं होतं त्यांना, या आमच्याकडे राहायला. त्या हसल्या होत्या फक्त.

जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. येसर म्हणजे डाळी-धान्यं भाजून मसाल्याबरोबर केलेलं पीठ. ते कालवून आमटी करतात. त्या आमटीपुढे मी गप्प झाले, आणि मला गप्प करणारी आमटी सहसा भेटत नाही. मग कोल्हापूरचा बाणा दाखवायला म्हणून ठेच्याचा मोठा गोळा भाकरीवर घेतला. आम्ही तिखट खाणारी माणसं, असंही बोलून गेले. तिसऱ्या घासाला उचकी लागली ती थांबेना. सिंधूबाईंनी दह्याची वाटी पुढे सरकवली. वैशाली तोंडाला पदर लावून आत गेली, तिचे खांदे हलताना मला दिसले.

सिंधूबाईंची सरी

उन्हं कलल्यावर सिंधूबाई आम्हाला रानात घेऊन गेल्या. विहिरीच्या अंगाला उसाची एकच सरी होती. चिंचमाळला ऊस थोडाच, आणि तोही कारखान्याला जातो. पण प्रत्येक घर एक सरी जत्रेसाठी ठेवतं. तिला देवाची सरी म्हणतात. ऊस बघून मला हसू आलं. अंगठ्याएवढी जाडी आणि पेरं आखूड. आमच्याकडे असला ऊस बांधावरच्या म्हशीला टाकतात, असं ओठांवर आलं होतं, पण ठेच्याची उचकी नुकतीच थांबली होती.

"बटईवाला एका सरीसाठी मोटार लावंना," सिंधूबाई म्हणाल्या. "म्हणला, तुमच्या घरात आता हाय कोण जत्रा करायला. मग मीच घातलं पाणी. घागरीनं." त्यांनी एक ऊस मोडून माझ्या हातात दिला. मी चघळला. गोडीचा असा चटका बसला की मी दुसरं पेर मागितलं. पाणी कमी पिऊन वाढलेला ऊस. रस थोडा, पण साखर पुरेपूर.

परतताना वैशालीचे चुलते भेटले. भाऊसाहेबकाका, धिप्पाड माणूस, बोलायला गोड. माझी विचारपूस केली, कोल्हापूरच्या महापुराची चौकशी केली आणि मग सिंधूबाईंकडे वळून म्हणाले, "वैनी, यंदा वैशूनं धरलं की रंगनाथचं घर मिटलं म्हणायचं. पुढच्या पाळीपासून तुमची मोळी आमच्यातच धरू. उगं तुम्हाला त्रास कशाला. गावाला बी ते बरं वाटतं."

मिटलं. बिऱ्हाड हलल्यावर कुलूप लावावं, इतक्या सहज म्हणाले ते. गावात पुरुष नसलेलं घर पाळीत धरत नाहीत. मोळी आणायला, देवापुढे नाव घ्यायला कुणी नाही, असा हिशोब. वैशालीच्या पाळीला हरकत नव्हती, कारण ती रंगनाथरावांच्या हयातीत ठरलेली. ती झाली की संपलं. सिंधूबाई "बघू" एवढंच म्हणाल्या. पण घरी आल्यावर वैशालीनं माझ्याजवळ बसून हळू आवाजात सांगितलं, "आई, उद्या कढई बिघडली तर काकाच्या तोंडाला आयतंच कारण मिळेल. शेवटची काकवीसुद्धा त्या घराला जमली नाही म्हणतील." मला फार राग आला. त्या काकांचा आला, गावाचा आला आणि स्वतःच्या वाचाळ जिभेचा आला, कारण मी तिथे पाहुणी, म्हणून तिला काहीच बोलता येत नव्हतं.

जत्रेची सकाळ

भैरोबाचं देऊळ गावाबाहेर टेकाडाला टेकून आहे. समोरच्या माळावर चुलवण खणलेलं, शेजारी बैलांचा चरक. मशीन गावात आहे, पण ह्या दिवशी रस चरकातूनच काढतात. सकाळपासून मोळ्या येत होत्या. कुणी डोक्यावर, कुणी मोटारसायकलवर आडवी बांधून, तर शहरात नोकरी करणारा एकजण आपल्या चारचाकीच्या टपावर घालून. सिंधूबाईंनी आपली मोळी स्वतः डोक्यावर आणली. वैशाली घ्यायला गेली तर दिली नाही. मोळ्या एकदा ढिगात पडल्या की कुणाचा ऊस कुठला ते कळत नाही, आणि तीच गंमत असते म्हणे.

कढईपाशी रशीदचाचा होते. पांढरी दाढी, डोक्याला गमछा. चुलवण पेटवणं, जाळ राखणं आणि कढई सांभाळणं त्यांच्या घराकडे आजोबांपासून आहे. मी गुळव्याची मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी मला आदरानं पोत्यावर बसवलं. मी विचारलं, "गूळ का करत नाही तुम्ही? एवढा गोड ऊस."

उत्तर त्यांनी दिलं नाही, शेजारी बसलेल्या म्हातारीनं दिलं. "गुळाचा खडा फोडताना लहान-मोठा व्हतोच, बाई. मग कुणाला लहान आला ह्याच्यावरून तोंडं वाकडी. पळी समद्यांना सारखी."

ह्या कमलआत्या. गावच्याच लेक, म्हातारपणी माहेरी येऊन राहिलेल्या. त्यांच्याकडूनच मी पुढचं ऐकलं. रझाकारीच्या दिवसांत गाव फुटलं होतं. पोलीस ॲक्शन झाली, मग एकेक घर कुठून कुठून परत आलं. कुणी कुणावर विश्वास ठेवीना. रानात जो काय ऊस जगला होता तो कुण्या एका घराच्या कढईला पुरेना, म्हणून सगळ्यांचा एकत्र केला. तर कढई उतरवायची कुणाच्या शब्दावर, ह्यावरून पुरुषांत जुंपली. जो तो म्हणे, तुझं ऐकणार नाही. तेव्हा जत्रेला माहेरी आलेल्या एका लेकीला बोलावलं. का, तर लेक दिलेली असते. ती कुणाच्याच बाजूची नसते.

"मेरे दादा बी उसी साल वापस आये," रशीदचाचा जाळात चिपाडं सारत म्हणाले. "कढई उनो उतारे थे."

मी आमच्याकडच्या जत्रा आठवून पाहिल्या. आमच्याकडे कुस्त्या मोठ्या, मटण मोठं, फेटे मोठे. पण भांडणाऱ्या गावानं माहेरवाशिणीला पंच केलं, असं काही मला आठवेना. त्या माळावर बसून मला, परक्या मुलखाच्या बाईला, त्या गावाचा अभिमान वाटला.

"आत्या, तुम्ही कधी धरली होती का पळी?" मी विचारलं, तर भोवतीच्या सगळ्या बाया हसायला लागल्या. कमलआत्याही हसल्या. "मीच ती गुळाची कमल. माझ्या पाळीला कढई उतरवायला उशीर केला. काकवी थिजली. कुदळीनं फोडून वाटली गावानं. नवरा गेला, दात गेले, नाव नाय गेलं." मग वैशालीच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "बघ गं वैशू. नायतर माझ्या शेजारी बसशील."

यंदा कढई नवी होती. जुनीला गेल्या वर्षी भेग गेली म्हणून गावानं शहरातून नवी करून आणली, चांगली जाड बुडाची. ती धुवायचं काम बायकांकडे. चिंच लावून घासली, मग चुलवणावर चढवून पाणी उकळलं. जाळ ओढून घेतला तरी पाण्याची खदखद थांबेना. आम्ही सगळ्या पदर खोचून वाट बघत उभ्या. "ही काय आता दुपारपर्यंत उकळती का काय," असं मीच कुरकुरले. कढईच्या कडेला फडकं लावून, त्यावर हात ठेवून वैशाली बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, पोरगी घाबरली आहे.

कढई

रस गाळून कढईत पडला तेव्हा ऊन वर आलं होतं. चाचांनी जाळ लावला. रानभेंडीची ताटं ठेचून त्यांचा चिकट रस आत सोडला की मळी वर येते. ती झाऱ्यानं काढत राहायची. हिरवट काळा फेस निघून गेला आणि खाली रस मधासारखा स्वच्छ झाला. माळभर तो वास पसरला. हा वास कोल्हापूरचाही आणि चिंचमाळचाही एकच. माझे डोळे भरून आले. वडील आठवले, त्यांचा धुरानं लाल झालेला चेहरा आठवला. मी नाक पुसलं आणि धुराला दोष दिला.

आता सगळं गाव कढईभोवती. वैशाली पायातल्या चपला काढून, पदर कमरेला बांधून, हातात लाकडी लांब पळी घेऊन उभी. नियम असा की तिला कुणी काही सांगायचं नाही आणि तिनं कुणाला विचारायचं नाही. तिनं एकदा "उतरवा" म्हटलं की कढई उतरलीच. पुन्हा जाळावर ठेवायची नाही, मग आत काय होईल ते होवो.

रस उसळून वर आला, मग खाली बसला. बुडबुडे मोठे होते ते लहान झाले, दाट झाले. रंग पिवळ्याचा तांबूस होऊ लागला. माझ्या आत वडिलांचं सगळं गणित सुरू झालं. पळी कलती केली की शेवटचा थेंब अडखळला पाहिजे. अडखळून लांबला पाहिजे. वैशालीनं पळी वर धरली. थेंब सरळ पडला. अजून वेळ आहे, मी मनात म्हटलं. चाचांनीही मान हलवून जाळात आणखी चिपाडं घातली.

आणि तेवढ्यात वैशालीनं मान वळवली. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत तेच रोजचं: आई, एवढं पुरे का?

भाऊसाहेबकाका कढईच्या पलीकडे उभे होते आणि त्यांनीही ते बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी दिसलं असतं. गावच्या लेकीनं सासूला विचारून कढई उतरवली, असं झालं असतं. खरं सांगायचं तर मान हलवावी असं मला फार वाटत होतं. थांब, अजून थांब, हे माझ्या ओठांवर होतं. मी पाठ फिरवली. देवळाच्या कळसाकडे तोंड करून उभी राहिले आणि दोन्ही हातांनी पिशवी धरली. इतकं अवघड काम मी खानावळीत कधी केलं नाही.

"उतरवा," वैशालीचा आवाज आला.

कुणी हललं नाही. मीही पाठमोरीच गार झाले, कारण ही वेळ नव्हतीच. कच्ची होती. चार दिवसांत आंबली असती. मी वळून बघितलं तर चाचा हातात चिपाडं धरून तिच्याकडे बघत होते. "वैशू, बेटा..." ते म्हणाले आणि थांबले, कारण पुढचं बोलायची त्यांनाही मुभा नव्हती.

"उतरवा, चाचा," ती पुन्हा म्हणाली. तिच्या ओठावर घाम आला होता, पण आवाज तिचाच होता, आमच्या घरात कधी न ऐकलेला.

बांबू कड्यांत गेले, पुरुषांनी कढई उचलली आणि शेजारच्या दगडांवर ठेवली. भाऊसाहेबकाका माझ्या शेजारी येऊन हलकेच म्हणाले, "घाईच केली पोरीनं. असू द्या, शेवटचं हाय." सिंधूबाई बायकांच्या मागे, जरा बाजूला उभ्या होत्या. रंगनाथराव गेल्यापासून त्या अशाच बाजूला उभ्या राहतात. त्यांनी ते ऐकलं आणि खाली बघितलं.

कढई जाळावर नव्हती, पण आतली खदखद चालूच होती. जुन्या कढईत उतरवल्या उतरवल्या बुडबुडे बसायचे, असं मागून कुणीतरी म्हणालं. ही जाड बुडाची थंड व्हायलाच तयार नाही. आम्ही बघत राहिलो आणि आमच्या डोळ्यांदेखत रंग गडद झाला. मग बुडबुडे एकेक करून मिटले. वैशालीनं पळी बुडवली, वर धरली, कलती केली. धार पडली, बारीक झाली, शेवटचा थेंब अडखळला, लांबला आणि तसाच लोंबत राहिला.

चाचांनी हातातली चिपाडं खाली टाकली. "मैं तो पुरानी कढईके हिसाबसे देखता था," ते म्हणाले. "माझ्या हिशोबानं थांबली असती तर आज कुदळच लागली असती." कमलआत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "म्हंजे माझ्या शेजारची जागा मोकळीच राहिली." वैशाली खाली बसली आणि मग एकदम रडायला लागली. सकाळी धुताना आपणही तीच खदखद बघितली होती, कुरकुरलोही होतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझी सून हुशार आहे, हे मला ठाऊक होतं. पण वडिलांच्या पंक्तीला बसवावी इतकी, हे ठाऊक नव्हतं.

कुणाच्या घरची

काकवी गाळून तांब्याच्या हंड्यात भरली आणि हंडा देवापुढे ठेवला. आता माझं काम होतं. लेकीच्या सासरच्या माणसानं पहिली पळी चाखायची आणि मग कढईवाला विचारतो, काकवी कुणाच्या घरची. त्याला उत्तर द्यायचं. हयात माणसाचं नाव घेतलं तर ते घर पुढच्या फेऱ्यात राहतं, गेलेल्याचं घेतलं तर तिथेच संपतं. वैशालीनं मला शिकवून ठेवलं होतं, "आई, रंगनाथरावांच्या घरची, एवढंच म्हणा. शेवटचं आहे, बाबांचं नाव नीट घ्या."

मी पळीतली काकवी तळहातावर घेतली. बोटानं चाटली. आता कोल्हापूरच्या बाईनं काय सांगावं. आमच्या काकवीला मऊपणा आहे, रंग आहे. हिला धार होती. गोडीच्या मागे किंचित खारट, काळ्या मातीची चव, आणि ती जिभेवर टिकत होती. मी पुन्हा चाटली. लोक हसले.

"कैसी है, बाई?" चाचांनी विचारलं.

"आमच्यापेक्षा बरी आहे," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं हे कोल्हापुरात कुणी खरं मानणार नाही.

"कुणाच्या घरची?"

मी तोंड उघडलं आणि बायकांच्या मागे बाजूला उभी असलेली ती बारीक बाई मला दिसली. घागरीनं पाणी घालणारी, मोळी डोक्यावरून खाली न देणारी.

"सिंधूबाईंच्या घरची," मी म्हणाले.

बाईचं नाव तिथे कधी घेतलं गेलं नव्हतं. भाऊसाहेबकाका पुढे आले. आवाज चढवला नाही त्यांनी, माणूस तसा सभ्य. "विहीणबाई, रंगनाथचं घर म्हणा. रीत हाय ती."

"रंगनाथराव असेपर्यंत त्यांचं होतं," मी म्हणाले. "ऊस ह्यांनी जगवला, मोळी ह्यांनी आणली, लेक ह्यांची. मी खाल्ली ती ह्यांच्या घरची. मला खोटं नाव घ्यायला सांगू नका, समोर देव आहे."

काका चाचांकडे बघू लागले. चाचा दाढीवरून हात फिरवत राहिले. वैशाली माझा हात घट्ट धरून उभी होती आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली, की मी पाहुणी येऊन ह्यांच्या जत्रेत बिब्बा घातला की काय. तेवढ्यात कमलआत्या काठी टेकत उठल्या. गावच्या लेकींत सगळ्यांत मोठ्या म्हणून पहिली वाटी त्यांचीच. त्या हंड्यापाशी आल्या, पळी अजून माझ्याच हातात होती, पण वाटी माझ्यापुढे धरलीच नाही. मागे वळून म्हणाल्या, "सिंधू, तुझ्या घरची काकवी वाढ की. मी किती वेळ वाटी धरू?"

सिंधूबाईंच्या पुढच्या बाया आपोआप बाजूला सरकल्या. त्या चालत पुढे आल्या. माझ्या हातातून पळी घेतली आणि भरून आत्यांच्या वाटीत ओतली. चाचांनी घसा खाकरला आणि माळाच्या टोकापर्यंत जाईल अशी हाळी दिली, "सिंधूबाईके घरकी काकवी." हलगी वाजायला लागली.

मग रांग लागली. वाट्या, तांबे, डबे, एकाच्या हातात तर पाण्याची प्लास्टिकची बाटली. प्रत्येकाला एक पळी, ना कमी ना जास्त. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि माझी मान ताठ झाली होती. सून माझी, विहीण माझी, आणि गावही आता थोडं माझंच, असं मला वाटत होतं.

रांगेत भाऊसाहेबकाकाही होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी तांब्या पुढे केला, पण सिंधूबाईंकडे बघितलं नाही. सिंधूबाईंनी पळी काठोकाठ भरली आणि एकही थेंब न सांडता तांब्यात ओतली. काका तिथेच रेंगाळले. तांब्यात बघत म्हणाले, "वैनी, पुढच्या सालाला सरी लावायची तर बेणं लागंल. आमच्यातलं न्या."

"बेणं राखलंय मी," सिंधूबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाची वाटी जवळ ओढली.